मामंजींचं बेजार

तुळसीच्या सासूबाई, भवानीबाई, वारल्याला महिना होत आला होता. त्या दिवशी भुजंगरावांनी साराचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

“काय झालं, मामंजी?” तुळसीनं विचारलं.

“बेजार झालंय ग. तुझं सार खाल्लं की जास्तच.”

म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात उमर घालवलेल्या या माणसाच्या मराठीत निम्मं कन्नड होतं. तुळसी लग्न होऊन पुण्याहून नुकतीच म्हैसुरात आलेली. बेजार म्हणजे त्रासून गेलेला, एवढं तिला माहीत होतं. नवरा येसाजीराव कामासाठी तलकाडला. इथं काही निराळा अर्थ असेल, या आशेनं तिनं शेजारच्या शेषगिरी मास्तरांना विचारलं.

मास्तर खुलले. इथला अर्थ सांगायचा राहिला आणि ते थेट मुळाशी गेले. “फारसी शब्द. म्हणजे वीट आलेला, तिटकारा आलेला.”

तेव्हापासून तुळसी ताट ठेवायची आणि मुकाट्यानं आत जायची. भुजंगराव भिंतीकडे बघत जेवायचे. आपलं सुतकी तोंड बघून पोर कंटाळली, असं त्यांच्या मनानं घेतलं.

शनिवारी सकाळी दारात जटका, म्हणजे इथला टांगा, येऊन थांबला, आणि त्याच्यामागे दुसरा. एक तुळसीनं स्टेशनवर जायला बोलावलेला, दुसरा भुजंगरावांनी श्रीरंगपट्टणला लेकीकडे जायला. सासरा आणि सून, दोघं आपापलं गाठोडं घेऊन दारात समोरासमोर आली.

“तू कुठं?”

“माहेरी. तुम्हाला माझा तिटकारा आलाय ना.”

“मी कधी म्हटलं असं?”

“बेजार झालंय म्हणालात. मास्तरांनी अर्थ सांगितला.”

भुजंगराव उंबऱ्यावरच बसले. “अग, ती नाही ना घरात. त्याला इथं बेजार म्हणतात. दुसरा शब्द मला येत नाही.”

तुळसीनं गाठोडं खाली ठेवलं. एक जटका परत पाठवला, दुसऱ्यात त्यांना बसवलं. “महिनाभर घराबाहेर पडला नाहीत. चला, तळ्यापर्यंत जाऊन येऊ.”

जटका तळ्याच्या रस्त्याला लागला. मग भुजंगराव खालच्या आवाजात म्हणाले, “खरं सांगू? सार तिला कधी जमलंच नाही. नुसतं गरम पाणी. आता कुठं चांगलं मिळतंय, तर घशाखाली उतरत नाही.”

तुळसीला हसू आलं, आणि डोळेही भरले.

“तिला सांगू नको हां,” भुजंगराव सवयीनं म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत राहिले.