मेनूची आवराआवर

"शुक्रवारपर्यंत मदतीचे फोन कमी झाले तर तू कायम, नाहीतर तू तुझ्या घरी!" साहेबांनी फोन घेणाऱ्या आत्याच्या भाच्याला सुनावलं आणि ते चहाला गेले.

ही मंडळी शहरातल्या दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. ते कसं वापरायचं याची सगळी माहिती वेबसाइटवर होती, पण ती कुणाला सापडेल तर शपथ! मेनू इतका लांबलचक, की खाली पोचेपर्यंत माणूस काय शोधायला आला होता तेच विसरायचा. मग दवाखान्यातल्या बायका सरळ फोन करायच्या आणि फोनवरची आत्या दिवसभर घसा कोरडा करायची. तिनेच भाच्याला ही माहिती लिहायच्या कामाला चिकटवलं होतं. त्याला काढलं असतं तर भावाला काय तोंड दाखवणार बिचारी!

भाचा पेटला. त्याने सगळी पानं तीनच मथळ्यांखाली बसवली: नियोजन, व्यवस्थापन आणि संस्था. काय देखणा मेनू झाला! तो स्वतःच त्याच्याकडे कौतुकाने बघत बसला.

शुक्रवारी फोन वाजलाच नाही. साहेब खूश, भाचा हवेत. आत्या मात्र रिसीव्हर कानाला लावून बघत होती.

"अरे, ती रोज सकाळी तेच विचारणारी बाईसुद्धा आज गप्प? तू काय करून ठेवलंयस?"

भाच्याने साइट उघडली. आपला फोन नंबर गेला कुठे? शोधून शोधून डोळे दुखले, तेव्हा सापडला. संस्था, त्यात अधिक, त्यात इतर, आणि तिथेही अगदी तळाला.

"साहेबांना सांग," आत्या म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत थांब ना गं! एकदा कायम झालो की सांगतो."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. मग पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली. दवाखान्यांतल्या बायका आत शिरल्या आणि सगळ्यांत पुढे ती रोजची बाई.

"उद्याचा पेशंट परवावर कसा ढकलायचा?"

"साइटवर आहे की," साहेब ऐटीत म्हणाले.

"मग दाखवा!"

साहेब बसले. त्यांनी नियोजन उघडलं, व्यवस्थापन उघडलं, फिरून पुन्हा नियोजनावर आले. कपाळावर घाम आला.

"एवढ्या वेळात आमचे डॉक्टर दोन दाढा काढतात," बाई म्हणाल्या.

"पण तुम्ही इथवर आलात कशा?"

"नंबर रोज साइटवरूनच बघतो आम्ही, तो आता सापडेना, पत्ता मात्र पहिल्याच पानावर! तेवढंच काय ते नीट केलंय बघा."

भाच्याला राहवेना. "साहेब, फोन कमी नाही झाले. मीच नंबर हरवला होता. चुकलं माझं. जातो मी."

"जातोस कुठे? या सगळ्यांना मी एकट्याने तोंड देऊ?" साहेब ओरडले. "तू कायम! पण या बाईंना शेजारी बसव. त्या कुठे काय शोधतात ते बघ आणि मग मेनूला हात लाव!"

आत्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पाणी आणायला धावली.

"आधी फोन नंबर वर आण. आणि तो पत्ता काढ तिथून!"

"काढून कुठे ठेवू, साहेब?"

साहेबांनी जिन्यावर वाढत चाललेल्या गर्दीकडे पाहिलं.

"नंबर ठेवला होतास ना, तिथेच!"