बादशहाचा फक्त गुडघा

धुरीकाकांनी काढलेल्या कॅसेटच्या कव्हरावर सिनेमाचा हिरो सापडला, तर ते गिऱ्हाइकाचं नशीब. एका दरबारी सिनेमाच्या कव्हरावर त्यांनी चवरी ढाळणारी दासी मधोमध काढली होती. बादशहाचा फक्त गुडघा दिसत होता.

"काका, बादशहा कुठाय?"

"गुडघो आसा मा त्याचो," ते ब्रश धूत म्हणाले.

ऐंशीच्या दशकात मुलुंडला माझी व्हिडिओ लायब्ररी होती. जुन्या सिनेमांच्या कॅसेटी साध्या काळ्या डब्यांत यायच्या आणि तशा त्या कोणी घरी नेत नसे. म्हणून मी काकांकडून कव्हरं काढून घ्यायचो. आमच्याच सोसायटीत, मागच्या बिल्डिंगमध्ये ते एकटे राहायचे. उमेदीत सिनेमाची मोठमोठी बॅनर रंगवलेली, त्यामुळे हात एकदम झकास. दुपारी दुकान रिकामं असलं की येऊन सिनेमा लावायचे. हिरो-हिरॉइनचं गाणं रंगात आलं की पॉजचं बटण दाबायचे. चित्र थरथरत राहायचं आणि काका चष्मा कपाळावर ढकलून टीव्हीला नाक लावायचे, तेही कोपऱ्यात घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी.

मी कुरकुरलो की उत्तर ठरलेलं. "हिरोक सगळेच बघतत रे. मागच्यांका कोण बघता?"

सबनीसवहिनींनी एकदा एक रडका सिनेमा नेला. परत करताना म्हणाल्या, "कव्हरावर ती भाकऱ्या थापणारी बाई आहे ना, तिचं पुढे काय झालं ते दाखवलंच नाही. घरात सगळे शेवटपर्यंत तिचीच वाट बघत बसले."

काका ओशाळतील म्हणून मी हे त्यांना ऐकवलं. ते दिवसभर खुशीत होते.

मग एक दिवस मानखुर्दहून लेकीकडे आलेल्या एक बाई दुकानात शिरल्या. त्यांनी चवरीवाल्या दासीचं कव्हर उचललं. "अगं बाई, या तर आमच्या शेजारच्या इंदूमावशी. सिनेमात गर्दीत उभ्या राहायच्या पूर्वी."

मी काकांना सांगितलं. रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल, मानखुर्दाक जाऊया."

इंदूमावशी साठी उलटलेल्या, एका खोलीत राहणाऱ्या. कव्हर हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. "मीच ही," म्हणाल्या.

"तुमचं गाव कुठलं?" काकांनी विचारलं.

"साताऱ्याकडचं."

"नाव पहिल्यापासून इंदूच?"

"हो. का हो?"

काका खाली बसले. "माझी बहीण होती. शेवंता. वडिलांनी घरातून काढली. ती सिनेमात गेली, एवढंच कानावर आलं. तुमच्यात होती का कोणी शेवंता?"

"खूप जणी असायचो, भाऊ. नावं कोण विचारतंय? दिसायची कशी, ते सांगा."

एकदा पाहिलेला चेहरा काका कागदावर हुबेहूब उतरवायचे. आता ते फरशीकडे बघत राहिले.

"मी लहान होतो," शेवटी म्हणाले. "चेहरा नाही आठवत. म्हणून सगळ्यांचेच काढतो. एखादी ती असली तर."

मावशींनी स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. कव्हर मात्र हातातून सोडलं नाही. कप पुढे करताना म्हणाल्या, "हे मी ठेवून घेते. आणि तुमच्या दुकानात येईन. दाखवा मला सिनेमे. माझ्या ओळखीच्या असतील त्या तरी सांगेन."

तेव्हापासून अधूनमधून त्या दुपारच्या यायच्या. दोघं टीव्हीपुढे स्टूल ओढून बसायची. "ही कमळ. गळा सोन्यासारखा, पण कुणी गाऊ नाही दिलं," असं मावशी सांगायच्या.

"आणि तिच्या मागची?"

मावशी वाकून नीट बघायच्या. "ही अनसूया. तुमची नव्हे."

"अनसूया," काका म्हणायचे आणि तिचं चित्र काढायला घ्यायचे.