पराते काकाजींचा करवती काठ

आमच्या शेजारचे पराते काकाजी वेबसाइट डोळ्यांनी पाहतच नाहीत. डोळे मिटतात, पालथा हात स्क्रीनवरून हळूच फिरवतात आणि निकाल देतात, "पोत नाही जमला वं अजून." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, काच पुसून राहिले बिचारे. मी धावत जाऊन घरून फडकं आणून दिलं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी!

काकाजी मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. जन्म मात्र कचेरीत टपालावर शिक्के मारण्यात गेला. रिटायर झाले, मोबाइलवर व्हिडिओ पाहून वेब डिझाइन शिकले अन् हुडकेश्वरच्या घरात, समोरच्या खोलीत धंदा थाटला. फाटकावर पाटी लावली, 'येथे घरगुती वेबसाइट मिळतील.' पहिल्याच आठवड्यात दोन बाया शेवयांचा भाव विचारून गेल्या.

काकूंनी बजावलं, "दिवाळीपर्यंत एक तरी गिऱ्हाईक आणा. नाही तं हे डबडं उचला, मले तेथी दिवाण टाकाचा आहे."

काकाजी हसले खरे, पण त्या दिवसापासून फाटक वाजलं की ताटावरून उठायचे.

आणि दसऱ्याच्या तोंडावर गिऱ्हाईक आलं! काटोलचे ढोकेभाऊ, संत्र्यांचे व्यापारी, बसने आले. काकाजींनी आलेखाचा कागद काढला. चौकटी मोजून मोजून आधी कागदावर रंग भरले, मग कॉम्प्युटरवर. आठ दिवसांनी ढोकेभाऊ पाहायला आले. मलाही बोलावणं होतं.

बापा रे! चारी बाजूंनी लालभडक, करवतीच्या दात्यांचा, हातभर रुंद काठ. खाली झोकदार पदर. मधल्या चिमूटभर जागेत एक संत्रं, गुदमरलेलं.

"काकाजी, हे तं लुगडं आहे!" ढोकेभाऊ ओरडले.

"काठाबिगर कपडा सुटते, भाऊ."

"पण मी कपडा कुठी विकून राहिलो? काठ काढा, नाही तं मी दुसरा माणूस पाहतो."

काकू दारात उभ्या. त्यांची नजर दिवाणाच्या जागेवर. मला तर असा राग आला काकाजींचा! आलेली लक्ष्मी कोणी काठासाठी परत पाठवतं का? काकाजींनी काठावरून एकदा पालथा हात फिरवला. मग म्हणाले, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी काठ गायब. स्क्रीनभर संत्रीच संत्री. ढोकेभाऊ खूश, पोतंभर संत्री पाठवली. दसऱ्याला काकूंनी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दिवाणाचं नाव नाही.

मी सोनं द्यायला गेले तर काकाजी खोलीत एकटेच. म्हणाले, "तो काठ फेकला नाही म्या. पाह्य."

दुसरंच पान उघडलं. ना नाव, ना मजकूर, नुसता काठ. मी खाली सरकवत गेले, सरकवत गेले.

"संपतच नाही हो हे!"

"नऊ वाराचं व्हाचं आहे वं. लुगडंच आहे."

मग आपणहून बोलू लागले. "बा मागावर लुगडं विणत होता. पाच वार झालं अन् त्याचे डोळे गेले. म्हणे, उरलेलं तू विण. मले नवी नवी नोकरी. म्या म्हटलं, मले लाज वाटते मागावर बसाची." काकाजींनी पान जरा वर सरकवलं. "बानं झालं तेवढं कापून घेतलं. मंग माग विकला. ते अर्धं लुगडं मात्र मरेपर्यंत उशाशी ठेवलं. रोज त्याच्यावर हात फिरवे. असा, पालथा."

काहून हा माणूस डोळे मिटून काच चाचपतो, ते मला तेव्हा कळलं. मेलं माझं फडकं!

"किती झालं आता?" मी विचारलं.

"सात वार. दोन राहिले."

त्यांनी डोळे मिटले, हात फिरवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू पाह्य बरं. बाले पसंत पडन का?"

मीही डोळे मिटले. काच गुळगुळीत होती, जराशी गरम.

"पडेल, काकाजी," मी म्हटलं. "पोत जमला."

या वेळी फडकं मलाच लागलं.