एक्केचाळीस मीटरवरचा डोंगर

नॉर्वेतल्या हेलेवोग गावात अनोळखी माणसाला 'हाय' म्हणायची रेषा गेल्या वर्षी समुद्रसपाटीपासून एकशे बारा मीटरवर होती आणि ती दरवर्षी नऊ मीटर खाली सरकते. ती मोजायचं काम माझ्याकडे आहे. मी हर्षदा माने, मूळची तासगावची, सहा वर्षांपासून इथल्या नगरपालिकेच्या मोजणी विभागात.

रेषेच्या वर, डोंगरात, नॉर्वेची माणसं फार गोड वागतात. दिसेल त्याला हाय म्हणतात, हवापाण्याचं विचारतात, संत्र्याची फोड पुढे करतात. रेषेच्या खाली, गावात, तीच माणसं मिठाची गुळणी धरून चालतात. जिन्यात शेजाऱ्याची चाहूल लागली, तर तो जाईपर्यंत दाराआड थांबतात. यात राग-लोभ काही नाही, दुसऱ्याला त्रास नको एवढंच. आधी मला हा माणूसघाणेपणा वाटायचा. आता वाटतं, समोरच्याला त्याच्या तंद्रीत राहू देणं ही पण एक माया असेल. असेल, म्हणते. अजून माझी खात्री नाही.

मोजणीची रीत साधी आहे. मे महिन्यात मी वरून खाली चालत येते आणि भेटेल त्याला हाय म्हणते. ओळीने तीन माणसांनी आपल्या बुटांकडे बघितलं की तिथे लाल खुंटी ठोकायची. इथल्या माणसाला हे काम जमत नाही, कारण रेषेखाली त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मला ती अडचण नाही. रेषा का उतरते हे कोणी सांगू शकत नाही. समितीच्या अहवालात 'संस्कृती बदलत आहे' एवढंच लिहिलंय, आणि बारा-तेरा वर्षांत रेषा बंदराच्या धक्क्याला टेकेल असा अंदाज दिलाय.

गेल्या सप्टेंबरात ओडवार नावाचे गृहस्थ कचेरीत आले. वय अठ्ठ्याहत्तर, गोदीतले निवृत्त वेल्डर. नंबराची चिठ्ठी घेतलेली असली की कचेरीत कामापुरतं बोलता येतं, म्हणून त्यांनी आधी चिठ्ठी दाखवली, मग अर्ज दिला. 'रेषा तात्पुरती एक्केचाळीस मीटरवर आणावी. कारण: गुन्वोर.'

"गुन्वोर कोण?" मी विचारलं.

"समोरच्या दारातली."

जरा खोदून विचारल्यावर कळलं ते असं. एक्केचाळीस मीटरवरच्या एकाच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोघांची दारं समोरासमोर. एकतीस वर्षांत तिथे एकमेकांशी एक शब्द नाही. पण दर रविवारी एकशे ऐंशी मीटरवरच्या बाकावर बसून, एका थर्मासमधली कॉफी पीत, दोन-दोन तास गप्पा. ओडवारची बायको गेली तेव्हा या गुन्वोरबाईंनीच त्यांना त्या बाकावर बसवून माणसात आणलं होतं. ऑगस्टमध्ये बाईंचं कमरेचं हाड मोडलं. त्या आता डोंगर चढणार नाहीत.

"आणि डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलंय," ओडवार म्हणाले. "वसंतापर्यंत, असं. तिची भाची मला दोनशे मीटरवर भेटली, तिने सांगितलं."

मी मनात हिशेब केला. रेषा एक्केचाळीसवर यायला आठ वर्षं. बाईंकडे आठ महिनेही नव्हते.

"अहो, मग सरळ दार वाजवा ना!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना भर बाजारात कपडे काढायला सांगितलं होतं. "एक्केचाळीस मीटरवर?"

"वाटीभर साखर मागायला जा. कामापुरतं होईल."

"माझ्याकडे साखर आहे."

"फोन करा."

"वरून केला तरी तिला तो खालीच उचलावा लागणार."

काय म्हणावं या माणसाला! पण डोळे भरून आले होते त्यांचे, आणि ते लपवायला ते बुटांकडे बघत होते. मी अर्ज घेऊन आमची विभागप्रमुख इंगर हिच्याकडे गेले. तिने तो दोनदा वाचला.

"रेषा आपण ठरवत नाही, हर्षदा. आपण फक्त मोजतो," ती म्हणाली. मग तिने नियमांची फाइल काढली आणि एका कलमावर बोट ठेवलं. 'रेषेच्या वर सुरू झालेलं बोलणं मध्ये तुटलं नाही, तर रेषेच्या खालीही ग्राह्य राहील.'

म्हणजे ओडवारनी वर बोलायला सुरुवात करायची, आणि न थांबता बोलत बोलत खाली यायचं, जिना चढायचा आणि गुन्वोरच्या दारात पोचायचं. ऐकायला सोबत मी. पहिल्या रविवारी ते सत्त्याण्णव मीटरवर गप्प झाले आणि बुटांकडे बघू लागले. विषय संपला होता. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या रविवारी मी त्यांना वर बाकावर बसवून शिकवलं. "माझी आत्या तासगावला एसटीत बसली की सांगली येईपर्यंत एकाच लग्नातलं जेवण सांगायची. वाढपी कोण, भातात खडे किती, कोण रुसलं. विषय संपत नसतो, ओडवार. आपण संपवतो. अडलात की 'मग काय झालं' म्हणायचं आणि पुढे जायचं." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी साठ मीटरपर्यंत आले, तिथे जहाजाचा भोंगा वाजला आणि ते बिचकले.

पाचव्या रविवारी पोचलो. बाकाची एक फळी बदललीय, नवी फळी पांढरी दिसते, सुताराने खिळे वाकडे मारलेत, मग काय झालं, एक कुत्रा आला, असं करत घामाघूम होऊन त्यांनी बोलता बोलताच बेल दाबली. गुन्वोरबाईंनी दार उघडलं. काठीवर रेलून त्या बघत राहिल्या. ओठ मिटलेले. ओडवारनी बोलता बोलताच थर्मास पुढे केला.

"कुठली फळी?" बाई म्हणाल्या. "माझ्या बाजूची?"

मला रडू आलं. लपवलं नाही.

पण बोलणं तुटलं की पुन्हा डोंगर चढणं आलं, आणि ओडवारचे गुडघे ते वारंवार करणारे नव्हते. म्हणून दोघांनी ते तुटूच दिलं नाही. एक झोपलं की दुसरं हळू आवाजात बोलत राहायचं. दार उघडंच असायचं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. डिसेंबरात दोघांचेही घसे बसले, तेव्हा वरच्या मजल्यावरची नर्स दारात येऊन घुटमळली आणि म्हणाली, "मी थोडा वेळ धरू का?"

फेब्रुवारीत गुन्वोरबाई गेल्या. तेव्हा ओडवार धुक्याबद्दल सांगत होते. त्यांनी पाहिलं, त्यांना कळलं, आणि ते थांबले नाहीत. डॉक्टर आले, भाची आली, तरी ते बोलतच राहिले. त्या बोलण्यात गुन्वोरचे शब्द होते. ते तुटलं असतं तर मग काहीच उरलं नसतं. इमारतीतल्या सगळ्यांना हे न सांगता समजलं. जिना धुण्याच्या पाळ्यांचा तक्ता तळमजल्यावर असतोच. त्याच्या शेजारी आणखी एक तक्ता लागला, बोलण्याच्या पाळ्यांचा. बारा घरं, दोन-दोन तास.

या मे महिन्यात मी मोजणी केली. खुंटी अंदाजाप्रमाणे एकशे तीन मीटरवर बसली. मग नियमाप्रमाणे खाली येत त्या इमारतीत शिरले. तळमजल्यावरच्या आजोबांनी हाय म्हटलं. पोस्टाच्या बाईने म्हटलं. नर्सने म्हटलं, आणि माझ्या आईची तब्येत विचारली.

नकाशावर एक्केचाळीस मीटरला मला छोटं वर्तुळ काढावं लागलं. इंगरने विचारलं, "हे काय?"

"डोंगर," मी म्हटलं.

तिने सही केली.

नकाशाची प्रत लावायला मी संध्याकाळी परत गेले, तेव्हा पाळी ओडवारची होती. ते तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते, गुन्वोरच्या दाराकडे तोंड करून. खूप थकले होते. मला बघून त्यांनी न थांबता संत्र्याची फोड पुढे केली. "तर गुन्वोरचं म्हणणं असं, की धुकं वरून उतरत नाही, ते खालून चढतं, आणि मी तिला म्हटलं, तसं नाही..." इथे त्यांना हुंदका आला आणि शब्द अडकला.

मी पटकन शेजारी बसले.

"मग काय झालं?" मी म्हटलं.