दारापाशी थांबणारी भुते

सावाको दामले यांची भुते दारापर्यंतच जातात. नवऱ्याने बर्फात घराबाहेर काढलेली बाई मरून सूड घ्यायला परतते, ओसरीवर ओली पावले उमटतात, आत नवरा थरथरतो, ती दाराला हात लावते आणि सावाकोबाई म्हणतात, "पुरे. आता चहा."

टोकियोजवळच्या इचिकावातील आमच्या इमारतीच्या सभागृहात दर उन्हाळ्यात हे घडते. जपानात भुतांच्या गोष्टी उन्हाळ्यातल्या. अंगावर काटा आला की उकाडा पळतो, असा समज. सावाकोबाई जन्माने जपानी, कै. दामल्यांच्या पत्नी. मराठी त्यांनी सांगलीच्या सासूकडून उचलली, त्यामुळे शिव्याही अस्सल. त्या मराठीत गोष्ट सांगतात, मुले जपानीत किंचाळतात.

त्यांच्या गोष्टींना शेवट का नसतो, यावर दोन मते प्रचलित आहेत आणि दोन्ही चूक आहेत. इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस म्हणतात, बाईंना वयामुळे आठवत नाही. इथे जाळायचा कचरा वेगळा ठेवतात; त्यात बाटली कोणी टाकली हे ज्या पिशवीच्या गाठीवरून ओळखतात, त्यांना विसरभोळ्या म्हणायचे? माझी सून म्हणते, मुले घाबरू नयेत म्हणून. पण ती ओली पावले ऐकून खुद्द चिटणीस दिवा लावायला उठले होते, हे मी पाहिले आहे.

माझे मत असे की, बाईंना न्यायाची चाड नाही. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. अधर्माला शासन झाल्याखेरीज कथा संपत नाही. म्हणून यंदा चहाची हाक येताच मी उभा राहिलो आणि शेवट स्वतः सांगितला. दार फुटले, भूत आत शिरले, त्याने नवऱ्याचा गळा आवळला. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी मान किंचित लववून त्या स्वीकारल्या.

सावाकोबाई कप विसळत होत्या. "मास्तर-सान, आता ती कुठं जायची हो?"

"कोण?"

"ती बाई. दारात होती तोवर कुणाची लेक होती, बहीण होती. गळा धरला आणि नुसतं भूत उरलं. तुम्ही तिला आत घातलीत. आता बाहेर कोण काढणार?"

मी उत्तरादाखल दोन श्लोक म्हटले. त्यांची आज लाज वाटते.

ओबोनला, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, त्यांनी मला सोबतीला नेले. दोन स्टेशने पलीकडे त्यांच्या भावाचे जुने घर आहे. भारतीयाशी लग्न केले म्हणून त्याने बहिणीला आईच्या अंत्यदर्शनालाही दारातून परत पाठवले होते. बाईंनी लाडवांची पिशवी दाराच्या हँडलला अडकवली आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

"बेल वाजवा की," मी म्हणालो.

"उघडलं तर बोलेन. सगळं पाठ आहे माझं. म्हातारा जागीच बसेल असं बोलेन." त्यांनी पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला. "मग मला भाऊ राहायचा नाही."

आत कोणीतरी खोकले. बाईंनी कान देऊन ऐकले. "बारीक होता तेव्हापासून हाच खोकला," त्या म्हणाल्या, आणि वळल्या.

परवा सभागृहात मुलांनी मला घेरले. "आजोबा, तो गळ्याचा शेवट परत सांगा."

"ती दाराशी उभी आहे," मी म्हणालो.

"मग पुढे?"

"मला ठाऊक नाही."

"घ्या," चिटणीस हसले, "आता मास्तरांनाही आठवेना."

मी कप विसळायला उठलो.