तिसऱ्या भागात केलेल्या सुधारणा

जगात एकदा जे बनतं ते पुढे सुधारलं जातं, आणि सुधारणेच्या तावडीतून आजवर कोणीही सुटलेलं नाही. राज्यं सुधारली, रस्ते सुधारले, मग व्हिडिओ गेमनेच काय घोडं मारलं होतं? आमच्या दादाचा आवडता गेम घ्या. त्यात खेळणाऱ्याने भटक्या योद्ध्याची भूमिका घेऊन राज्य वाचवायचं असतं. पहिल्या भागात हा योद्धा तडक राक्षसाकडे जाई आणि त्याचं मुंडकं उडवी. हे फारच मागासलेपणाचं होतं. दुसऱ्या भागात राक्षसाची वेळ आधी घ्यावी लागे. तिसऱ्या भागात कंपनीने खेळणाऱ्यांच्या सूचनांचा गांभीर्याने विचार केला आणि राक्षस काढूनच टाकला. (दुसऱ्या भागातही त्याची वेळ बहुतेकांना मिळाली नव्हती.)

त्याच्या जागी समाजजीवन आलं. आता योद्धा गावात हिंडतो. ज्याचं काही अडलं असेल त्याच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह तरंगतं. जवळ जाऊन ‘बोला, काय अडचण आहे?’ म्हणायचं, सगळं ऐकून घ्यायचं आणि खाली उमटलेल्या तीन उत्तरांतून एक निवडायचं. लोहाराच्या आईचे गुडघे, पहारेकऱ्याच्या मेहुणीचं लग्न, राणीच्या न्हाणीघरातला गळका नळ, कशालाही नाही म्हणायचं नाही. तलवार गेली, सहानुभूती आली, आणि तिला धार लावण्याचीही सोय आहे. कंपनीच्या पाहणीनुसार ब्याण्णव टक्के लोकांना खेळ अगदी खऱ्या आयुष्यासारखा वाटला. उरलेल्या आठ टक्क्यांचं प्रश्नाकडे लक्ष नव्हतं.

दादा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. संध्याकाळी घरी आला की बूट काढायच्या आधी टीव्हीवर गेम लावतो. चार महिन्यांत त्याने गेममध्ये ‘महाश्रोता’ हा किताब मिळवला. पंचक्रोशीतलं कोणतंही दुःख त्याने ऐकायचं ठेवलं नव्हतं.

वहिनी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिला दूरच्या एका गावातल्या मोठ्या हॉस्पिटलने विभागप्रमुखाची जागा देऊ केली होती. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. दादा बरोबर येणार का, एवढंच तिला विचारायचं होतं. तिने सोमवारी विचारलं, तेव्हा दादा ‘हं’ म्हणाला. मंगळवारी ती टीव्हीसमोर उभी राहिली, तेव्हा त्याने मान वाकडी करून पलीकडचं पाहिलं. यात दादाचा काही दोष नाही. तिच्या डोक्यावर चिन्ह नव्हतं, आणि विनाचिन्ह व्यक्तीशी बोलण्याची तिसऱ्या भागात तरतूद नाही.

“भाऊजी, तुम्ही तरी सांगा त्यांना,” ती मला म्हणाली.

मी सांगितलं. “दादा, वहिनीला बोलायचंय.”

“बोलू दे की,” दादा मोठ्या मनाने म्हणाला. “मी कुठे अडवलंय?”

बुधवारी वहिनीने पिवळ्या पुठ्ठ्याचं उद्गारचिन्ह कापलं, तारेने हेअरबँडला जोडलं, डोक्यावर चढवलं आणि बाहेरच्या खोलीत आली. दादा ताडकन उठून उभा राहिला.

“बोला, काय अडचण आहे?”

लग्न झाल्यापासून तो तिला पहिल्यांदाच अहो-जाहो करत होता. वहिनीने सगळं सांगितलं. दादाने काय मन लावून ऐकलं म्हणून सांगू! मध्ये तोंड घातलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, नको तिथे मान हलवली नाही. माझे डोळे भरून आले, वहिनीचेही.

“मग तुम्ही याल ना?” तिने विचारलं.

दादा तिच्या पायांपाशी बघत राहिला. बराच वेळ तिथे काहीच उमटलं नाही.

“पर्याय कुठेत?”

वहिनी समंजस बाई आहे. तिने बोटांवर मोजून सांगितलं, “एक, येतो. दोन, येत नाही. तीन, तू जाऊ नकोस. काहीही चालेल मला. फक्त बोला.”

दादाने खोल विचार केला. “थांब हं,” तो म्हणाला, “आधी सेव्ह करून ठेवतो.” (चुकीचं उत्तर गेलं तर मागे येता आलं पाहिजे. जाणकार खेळाडू ही काळजी घेतोच.) तो सेव्ह करायला बसला, आणि नेमका तेव्हाच राणीचा नळ पुन्हा गळायला लागला.

शुक्रवारी वहिनीने हॉस्पिटलला ‘हो’ कळवलं आणि रविवारी दोन बॅगा घेऊन ती गेली. मंगळवारी दादाने कंपनीकडे तक्रार नोंदवली: घरातलं मुख्य पात्र दिसेनासं झालं आहे, आधीच्या सेव्हवर जाऊनही परत येत नाही, त्वरित दुरुस्ती व्हावी.

उत्तर तासाभरात आलं. ‘महोदय, हा बिघाड नसून सुधारणा आहे. ज्या पात्रांना उत्तर मिळत नाही ती चौथ्या भागात आपला निर्णय आपणच घेऊन निघून जातात. मात्र चौथा भाग अजून बाजारात आलेला नाही. आपल्याकडे तो कसा पोहोचला, हे कृपया कळवावे.’

दुपारपर्यंत दादाला या गोष्टीचा अभिमान वाटत होता. संध्याकाळी त्याने टीव्ही बंद केला, तो पिवळा पुठ्ठा स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि दाराशी जाऊन बसला. त्याला फार वाईट वाटत होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मलाही कितीतरी दिवसांनी गेम मोकळा मिळाला होता.

चौथा भाग आपल्याही घरी सुरू झाला आहे का, हे तपासणं अगदी सोपं आहे. आपण हे वाचत असताना मघाशी आतून कोणीतरी काहीतरी विचारलं आणि आपण ‘हं’ म्हणालात. काय विचारलं होतं?

खाली पाहू नका. पर्याय येणार नाहीत.