डोंगरावरून दिसणारी चिंच

खारघरचा तो छातीवर येणारा डोंगर चढून माणूस वर कशाला जातो? खालचं शहर बघायला. आमचे नामाकाका वर पोचले की शहराकडे पाठ करून बसतात.

काका खांदेश्वरला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात. वय अडुसष्ट, अंगात गंजी, गळ्यात सोन्याची जाडजूड चेन. महागडे बूट घालून मी घसरत असतो आणि हे चपला हातात घेऊन अनवाणी पुढे. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं, तर म्हणे, "सपाटीव काय चालाचा? म्हस पन चालते." झालं! तेव्हापासून दर रविवारी पहाटे माझी बेल वाजते, आणि मी दार उघडेपर्यंत काका बोट उचलत नाहीत.

वाटेत दमलेल्या कुणी विचारलं, अजून किती राहिलंय, की उत्तर ठरलेलं: "ह्यो काय, आलाच." पायथ्याशी विचारा नाहीतर टोकाशी.

वर बसले की ते रंजनाकाकींना फोन लावतात. काकींचे गुडघे गेलेत, त्या घराबाहेर पडत नाहीत. दोघांचं गाव विमानतळात गेलं. गावच्या वेशीवर एक चिंच होती. खाडीतून होडी घरी आणताना तिच्यावर नजर धरून यायचे. लग्नाची नवरी होडीतून उतरली की आधी त्या चिंचेपाशी नारळ वाढवायचा आणि मग सासरी पाऊल, अशी तिथली रीत. काकींनीही वाढवलेला.

"चिंच हाय गो, कुंपनाच्या कडंला," काका फोनवर सांगतात. तिथे आता धावपट्टी आहे. तिकडे तोंड करून हे खोटं त्यांना बोलवत नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, झाड गेलं कळलं तर ती खचेल. मला भरून आलं, आणि थोडा रागही आला. किती दिवस फसवणार त्या माउलीला?

गेल्या रविवारी काकांना धाप लागली, बोलवेना. फोन लावून त्यांनी माझ्या हातात कोंबला आणि मानेनेच खुणावलं, सांग. समोर विमान उतरत होतं. खोटं बोलण्यात मी पहिल्यापासून कच्चा.

"काकी, चिंच दिसतेय," मी कसंबसं म्हणालो.

 काकी हळू आवाजात म्हणाल्या, "बाला, ती तोरली तवा मी बघाला गेल्ते. तवा गुडगे चालत व्हते माजे. त्याला म्हायत नाय. तू पन सांगू नको. मला सांगाला भेटतं म्हनून तरी चढतो तो."

 काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हनते?"

"विचारतायत, यंदा चिंचा लागल्यात का."

काकांचा चेहरा खुलला. धाप विसरून म्हणाले, "सांग तिला, पार वाकलीय."

मी काकींना तसंच सांगितलं.